जागा पाहावी आषाढात

कोकणात जागा घ्यायला निघालेली माणसं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत येतात. नाताळच्या सुट्टीला जोडून दोन दिवस काढलेले असतात. हवा कोरडी, समुद्र निळा आणि शांत, विहिरीला पाणी, कलमांना नुकता मोहोर फुटलेला. एजंट गाडीतूनच हात करून दाखवतो, "इथून थेट समुद्र दिसतो साहेब." संध्याकाळी मासे खाऊन झाल्यावर विसार दिला जातो. वर्षातले जे महिने इथे राहायला सर्वांत सोपे, त्याच महिन्यांत सगळे निर्णय होतात. अवघड महिन्यांत घेणारा कुणी फिरकतच नाही.

म्हणून या लेखाचं सांगणं पहिल्यांदाच मांडून ठेवते. किनाऱ्यावर राहायचं असेल तर जागा दोनदा पाहावी. एकदा आषाढात, झड लागलेली असताना. एकदा वैशाखात, विहिरी तळाला गेलेल्या असताना. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली जुनी जाणती माणसं जे काही सांगतात, ते फिरून फिरून पाण्यापाशीच येतं: वरून पडणारं पाणी, डोंगरातून उतरणारं पाणी, समुद्रातून चढणारं पाणी आणि जमिनीखालचं पाणी. घर, प्रकृती, शेजार, कागदपत्रं, सगळं त्याच्या मागून येतं.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत ३००० च्या वर, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. देशावरून आलेल्या माणसाला आकडा माहीत असतो, पण त्या पावसात आठ-आठ दिवस ऊन न पाहता राहणं म्हणजे काय, ते माहीत नसतं. जानेवारीत जमिनीच्या कडेने दगडगोट्यांची एक कोरडी घळ दिसते. कधी तिच्यावर भराव टाकून ती प्लॉटमध्येच धरलेली असते. रत्नागिरीकडे तिला पऱ्या म्हणतात, सिंधुदुर्गात व्हाळ. जुलैत तिथून कमरेइतकं तांबडं पाणी धावत असतं. पऱ्या बुजवला तर तो नवी वाट काढतो, आणि ती वाट बहुधा खालच्या घराच्या पडवीतून जाते. मालवणकडचे एक वयस्कर गृहस्थ या विषयावर एवढंच म्हणाले, "पाणी काय इचारून येना नाय."

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. सह्याद्रीवर पाऊस कोसळत होता आणि खाडीत उधाण चढत होतं. खाडी भरतीने तट्ट भरलेली असते तेव्हा वाशिष्ठीसारख्या नदीला समुद्रात उतरायला वाट उरत नाही. पाणी मागे तुंबतं आणि बाजारपेठेत शिरतं. चिपळूणच्या पुराला आणखीही कारणं आहेत, त्यावर पुष्कळ वाद झाले आहेत. पण खाडीकाठच्या गावात जागा घेणाऱ्याने अतिवृष्टी आणि भरती एकत्र आली तर इथे पाणी कुठवर येतं, हा प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर भिंतींवर असतं. जुन्या दुकानांच्या भिंतीवर पुराची रेघ दाखवणारी माणसं प्रत्येक बाजारात भेटतात.

त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि अख्खी वाडी गाडली गेली. आपल्याकडे डोंगराचा उतार उभा कापून, त्याचे टप्पे करून, 'सी व्ह्यू' म्हणून विकले जात आहेत. खाली कातळ, वर मातीचा थर, आणि चार दिवसांच्या पावसाने ती माती पाणी पिऊन जड झालेली. पायथा कापलेला असेल तर तिला धरून ठेवणारं काही राहत नाही. आषाढात जाऊन पाहिलं की दिसतं: उतारावर नव्या भेगा, कललेली झाडं, जिथे कधी नव्हता तिथे फुटलेला गढूळ झरा. यातलं काहीही दिसलं तर ती जागा घेऊ नये, आणि राहत असाल तर त्या रात्री तिथे झोपू नये. जुनी घरं कुठे बांधली आहेत तेही बघावं. वाळूच्या टेकाडाच्या मागे, पऱ्यापासून हटून, ऐन उतारावर नाही आणि ऐन समुद्रावर तर नाहीच. पाच पिढ्यांनी जी जागा सोडून दिली ती आपल्याला 'मोकळी' म्हणून विकली जाते.

समुद्राशी वागायचं तर भरती-ओहोटी अंगवळणी पडायला हवी. मोबाइलवर तक्ते मिळतात आणि ते जरूर पाहावेत. पण किनाऱ्यावरचा माणूस कॅलेंडरवरची तिथी बघतो. हिशेब सोपा आहे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती साधारण साडेबारा तासांनी परत येते, म्हणून चतुर्थीला पहाटे तीनलाही भरती आणि दुपारी तीनलाही. मधल्या सहा तासांवर ओहोटी. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या आसपास चांगला जुळतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते, तेव्हा गावातल्या होडीवाल्याकडून फरक समजून घ्यावा.

वेळेइतकीच उंचीही महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, पाणी जास्तीत जास्त चढतं आणि जास्तीत जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत जातं. दक्षिणेकडे उतरत गेलं की हा चढउतार कमी होत जातो, वेंगुर्ल्याकडे तो जवळजवळ निम्मा असतो.

अपघात बहुतेक वेळा ओहोटीच्या भुलीने होतात. ओहोटीला वाळू लांबवर उघडी पडते आणि माणसं चालत चालत आत जातात. किनारा मात्र सरळ उतरता नसतो, मधे खोलगट पट्टे असतात. भरती सुरू झाली की पाणी आधी या पट्ट्यांत भरतं, म्हणजे आपल्या पाठीमागे. समोर समुद्र अजून दूर दिसत असतो आणि परतीची वाट गळ्याइतकी खोल झालेली असते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारीतला तो समुद्र खवळलेला नव्हता. म्हणून समुद्र शांत दिसतोय या भरवशावर पाण्यात उतरू नये. आधी भरती किती वाजता आहे ते विचारावं आणि पाणी चढायला लागलं की बाहेर यावं.

दुसरी भूल पाण्याच्या ओढीची. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत जातं. तिथे लाटा फुटत नाहीत, फेस कमी असतो, म्हणून पोहायला तीच जागा बरी वाटते. गणपतीपुळ्याच्या देवळासमोरचा किनारा इतका देखणा, पण तिथे अनेक वर्षं बुडण्याच्या घटना घडत आल्या आहेत. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारू नका. त्यात दम संपतो आणि माणूस दमूनच बुडतो. अंग सैल सोडून तरंगत राहायचं, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला जायचं आणि मग लाटांबरोबर बाहेर यायचं. वाचवायला म्हणून दुसऱ्याने उडी टाकू नये. दोरी, रिकामा कॅन, टायरची ट्यूब, जे तरंगेल ते टाकावं. आणि जून ते ऑगस्ट पाण्यात उतरूच नये. जे लोक समुद्रावर जगतात ते ऐन पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला कायद्यानेही बंदी असते, मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा सुरुवात होते. ही सुट्टी पाहुण्यांनीही पाळावी.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत नेला तर पाकट आधीच सरकतं. त्याचा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, वेदना बऱ्याच उतरतात, आणि मग डॉक्टरांकडे जायचं. गाडी वाळूवर नेऊ नका. भरतीच्या वेळी चाकं रुतलेल्या गाड्या बैल नाहीतर जेसीबी लावून ओढताना किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांनी पाहिल्या आहेत. शिवाय वेळाससारख्या किनाऱ्यांवर त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात.

आता वैशाख. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात मे महिन्यात टँकर फिरतो, हे नव्याने आलेल्याला पटत नाही. पण सह्याद्री ते समुद्र हे अंतरच जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरचं. नद्या आखूड, उतार तीव्र, आणि सड्यावरचा जांभा सच्छिद्र. पडलेलं पाणी थांबत नाही. सड्यावरच्या जागेत पाणी खोल, खाली आगरात ते हाताशी. म्हणून समुद्रालगतची जागा पाण्याला चांगली, असं वाटतं. इथेच सर्वांत मोठी चूक होते.

किनाऱ्याच्या वाळूखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, तेल पाण्यावर तरंगावं तसं. खारं पाणी थोडं जड, गोडं हलकं. या दोन्हींच्या वजनातल्या फरकातून एक नियम निघतो. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जेवढी असेल, तिच्या साधारण चाळीस पट जाडीचा गोड्या पाण्याचा थर समुद्रसपाटीच्या खाली टिकून राहतो. म्हणजे पातळी एक मीटर वर असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी. ऐकायला दिलासा वाटतो. पण हाच नियम उलटाही चालतो. उपसा करून पातळी एक फुटाने खाली आणली, तर खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फुटांनी वर सरकू पाहतं. एकदा ते विहिरीत आलं की पुढचा पावसाळा गेल्याशिवाय मागे हटत नाही, आणि कधी कधी अनेक पावसाळे लागतात.

गुहागर, केळशी, दिवेआगरच्या आगरांत रहाट होते. विहिरीवर लाकडी चाक, त्यावर लोट्यांची माळ, आणि गोल फिरणारा रेडा नाहीतर बैल. पाणी पाटाने माड-पोफळीला जायचं. रहाट सावकाश उपसत असे, तो थांबला की विहीर पुन्हा झिरपून भरत असे. विहीरही उथळ आणि रुंद. वरचं गोडं पाणी अलगद काढण्याची ती रीत होती. मग वीज आली, पंप आले, ते एक वेळ समजून घेता येतं. पण त्याच आगरात आता दीडशे-दोनशे फुटांची बोअर मारली जाते, वर पोहण्याचा तलाव बांधला जातो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत आजूबाजूच्या विहिरी मचूळ होतात. किनाऱ्यालगतच्या आगरात बोअर मारणं हा शेजाऱ्यांच्या विहिरींवर केलेला अन्याय आहे, असं मला स्पष्ट लिहायचं आहे. विकत पाणी आणणं रिसॉर्टला परवडतं. बाजूच्या घरातल्या पोफळी मात्र शेंड्यातून पिवळ्या पडत जातात.

तेव्हा विहीर वैशाखातच पाहावी आणि ती सकाळी नाही, पंप तासभर चालल्यानंतर पाहावी. पाणी जिभेवर घेऊन बघावं. त्याने साबणाला फेस येतो का, डाळ शिजते का, हे त्या घरातल्या बाईला विचारावं, तिच्याइतकं नेमकं उत्तर कुठल्याच प्रयोगशाळेकडून लवकर मिळत नाही. अर्थात तपासणीही करून घ्यावी. पंप लहान ठेवावा, थोडा वेळ चालवून विहिरीला उसंत द्यावी. आणि छपराचं पाणी साठवावं. हजार चौरस फुटांच्या छपरावर कोकणात वर्षाला पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं. चार माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला पन्नास लिटर धरले, तरी मार्च ते मे या तीन महिन्यांना पाच हजार लिटरची बंद टाकी पुरते. पहिल्या दोन-चार सरी वाहून जाऊ द्याव्यात, छप्पर धुऊन निघतं, मग पन्हळीचं तोंड टाकीकडे वळवावं.

घर बांधताना शहरातला नकाशा घेऊन येऊ नये. कोकणातला पाऊस उभा पडत नाही, तो नैर्ऋत्येकडून तिरपा येतो. पश्चिम आणि दक्षिणेची भिंत चार महिने भिजत राहते. जुन्या घरांना उतरती कौलं, भिंतीपासून हात-दोन हात पुढे आलेले वळचणीचे भाग आणि पुढेमागे पडवी असते. जूनपूर्वी पावसाच्या बाजूने माडाच्या झापांच्या झडी बांधल्या जात. आता त्या जागी ताडपत्री किंवा पत्रा येतो, पण काम तेच. सपाट स्लॅब, छज्ज्याविना खिडक्या, समुद्राकडे काचेची अख्खी भिंत, ही घरं तिसऱ्या पावसाळ्यात आतून काळी पडलेली असतात. जांभ्याचा चिरा उत्तम, पण तो पाणी शोषतो, तेव्हा जोतं उंच हवं. खाणीतून काढलेला ओला चिरा लगेच लावू नये, हवेत ठेवला की तो टणक होत जातो. आतून प्लास्टिक रंग लावला तर भिंतीतला ओलावा त्याच्या मागे कोंडतो आणि पापुद्रे सुटतात. चुन्याचा हात स्वस्त आणि टिकाऊ.

सिमेंट-काँक्रीटचं काम असेल तर कंत्राटदाराशी दोन गोष्टींवर वाद घालावाच लागेल. एक, समुद्राची किंवा खाडीची खारी वाळू चालणार नाही. दुसरं, सळईवरचं काँक्रीटचं आवरण. भारतीय मानकाप्रमाणे खुल्या किनारी हवेत ते ४५ मिलिमीटर हवं आणि काँक्रीट किमान एम-३० दर्जाचं. पुण्यातल्या सवयीने ते वीस-पंचवीस ठेवलं जातं. मग मीठ आणि ओल सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि स्लॅबची खपली खाली येते. दहा-बारा वर्षांच्या इमारतींचे गंजके सांगाडे किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहरात उभे आहेत. स्टीलच्या वस्तू घेताना नुसतं 'स्टेनलेस' म्हणून भागत नाही, समुद्रासमोर ३१६ प्रतीचं टिकतं, ३०४ वर लवकर डाग पडतात. कड्या-कोयंडे पितळेचे बरे. विजेचे बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर घेऊ नयेत. आणि शक्य असेल तर समुद्रापासून पाच-सातशे मीटर आत राहावं, मधे सुरूचं बन आणि माडांची रांग असेल अशा ठिकाणी. खारा वारा तिथे पोहोचेपर्यंत त्यातलं बरंच मीठ झाडांवर राहिलेलं असतं. समुद्र बघायला चालत जाता येतं.

वादळाचं मात्र वेगळं बोलायला हवं. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात काही तासांत पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनची सुपारी नावाजलेली, आणि पोफळ लावल्यावर उत्पन्न हातात यायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे त्या दुपारी लोकांची पुढची सात वर्षं गेली. अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइलचे मनोरे बंद, एटीएम बंद, रस्त्यावर झाडं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगतून वर सरकलं. आता इथे राहणाऱ्याने वादळ धरूनच चालावं. घरावर झेपावेल असं झाड वेळीच छाटावं. पत्र्याचं छप्पर असेल तर ते नुसतं हुकांवर नको, खाली पट्ट्यांनी आवळलेलं हवं, कारण उडालेला पत्रा शेजाऱ्याला कापतो. घरात रोख पैसे, आठवड्याची औषधं, भरलेले हंडे, चालणारी विजेरी. वारा एकदम पडला तर वादळ संपलं असं समजून बाहेर पडू नये, मधला डोळा सरकला की वारा उलट दिशेने येतो.

एरवीच्या पावसाळ्यासाठी कोकणाकडे फार जुनी शिस्त आहे. ती आगोटीची. मिरग लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यायचं, म्हणजे फुटकी कौलं बदलून, पन्हळी साफ करून. लाकूडफाटा, चुडतं, सोडणं पडवीत रचायची. तांदूळ, कुळीथ, मीठ, मसाला, आमसुलं, फणसाचे गरे, सुके बांगडे, सोडे, जवळा, सगळं वैशाखाच्या कडक उन्हात खडखडीत वाळवून हवाबंद डब्यात. हे आठवणींचं कौतुक म्हणून लिहीत नाही. आजही जुलैत दोन दिवस रस्ता बंद झाला, वीज गेली, की ज्या घराने आगोट केलेली असते ते घर निवांत असतं. नव्याने आलेल्या कुटुंबाने त्यात थोडी भर घालावी: कागदपत्रं, कॅमेरा, चष्म्याच्या जादा काचा, कातडी चपला-पट्टे, हे सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. पुस्तकांचं कपाट भिंतीला टेकवू नये, चार बोटं अंतर ठेवावं. गाद्या-उशा जूनपूर्वी उन्हात टाकाव्यात. ऑक्टोबरात पुन्हा एकदा.

प्रकृतीचं बघायचं तर पहिली अडचण घामाची. मे महिन्यात पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, नागपूरकर हसतील. पण हवेत इतका ओलावा असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. दुपारी अकरा ते चार उन्हातली कामं टाळावीत, इथले लोक ती पहाटे आटोपतात. पाण्याबरोबर मीठ पोटात गेलं पाहिजे. कोकमाचं आगळ, चिमूटभर मीठ, थोडं जिरं हे त्याला उत्तम. सुती, सैल कपडे घालावेत, आणि ओले कपडे अंगावर वाळवू नयेत, नायटा इथे फार चटकन धरतो.

पावसाळ्यात तापाकडे दुर्लक्ष करू नये. उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात, पायाच्या भेगांतून आत शिरतात. भाताच्या लावणीला उतरलात, नुसतं हौसेनेही, तर जखम झाकावी, घरी येऊन पाय साबणाने धुवावेत. जोराचा ताप, पोटऱ्यांत दुखणं, लाल डोळे दिसले तर पॅरासिटामॉलवर दिवस काढू नयेत, वेळेवर औषध मिळालं तर हा आजार बरा होतो. सिंधुदुर्गात २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात माकडतापाचे रुग्ण आढळले. तो गोचिडांमुळे होतो. काजूच्या बागेत, जंगलाच्या कडेला जाताना अंगभर कपडे घालावेत आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं.

साप म्हटलं की लोक नागाला घाबरतात. कोकणातल्या कातळावर, गडग्याच्या दगडांत असतं ते फुरसं. जेमतेम फूट-दीड फुटाचं, मातकट. डिवचलं की अंगाचे वेढे एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं. अंधारात चपलेविना अंगणात जाणं, दगड उचलताना हात आधी घालणं, यातून बहुतेक दंश होतात. चावलं तर बांधू नये, कापू नये, मंत्र-जडीबुटीत वेळ घालवू नये. तो हात किंवा पाय न हलवता, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा. तिथे डॉक्टर कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतात आणि वीस मिनिटं ती नळी न हलवता उभी ठेवतात. मग ती आडवी करून बघतात. रक्त साकळलं नसेल तर विष अंगात भिनलं आहे, आणि प्रतिविष सुरू होतं. प्रतिविष कोणत्या आरोग्य केंद्रात आहे, रात्री तिथे डॉक्टर असतात का, ही चौकशी राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात करावी.

विंचवाच्या बाबतीत तर कोकणाने जगाला औषध दिलं. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ माणसं, विशेषतः मुलं, दगावत. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात आणि मग फुप्फुसात पाणी होतं. महाड भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकापासून असे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध वेळेत दिलं तर जीव वाचतो हे दाखवून दिलं. मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यासाठी यातला धडा व्यावहारिक आहे: विंचू चावलेलं मूल घामाने निथळू लागलं तर 'उतरेल रात्रीत' म्हणून थांबायचं नाही.

राहिले कागद आणि शेजार. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमनाचा कायदा लागू होतो. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११, मग २०१९. कमी वस्तीच्या गावांत पहिल्या २०० मीटरांत नवं बांधकाम सहसा होत नाही. खाडीलाही हे नियम लागतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 'सगळ्यांनी बांधलंय' हे उत्तर कोर्टात टिकत नाही. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सातबारा घेतला की त्यावर नावांची रांग दिसेल, भाऊ, चुलते, मुंबईला गेलेल्या बहिणी, वारलेल्या आजोबांचं नावही अजून असेल. एका हिस्सेदाराच्या सहीवर जागा घेऊ नये. इतर हक्कात कुळाची नोंद आहे का, भोगवटादार वर्ग कोणता, जमिनीवर खासगी वनाची नोंद आहे का, हे तलाठ्याकडे जुने फेरफार काढून बघावं. वकील गावाच्या तालुक्यातलाच करावा.

आणि त्या जागेतून कोण जातं-येतं ते बघावं. कोकणातल्या कितीतरी वाटा गावनकाशात नाहीत. एखादी पाखाडी वरच्या वाडीतून तुमच्या जागेतून खालच्या विहिरीला जाते, शिमग्याची पालखी तिथूनच फिरते, पावसात शाळेतली पोरं रस्त्याला पाणी आलं की तिकडूनच येतात. शहरातून आलेला मालक पहिल्या वर्षी चारी बाजूंनी आठ फुटी भिंत घालतो, लोखंडी गेट लावतो, आणि वाट बंद होते. भांडण बहुधा कुणी करत नाही. पण निसर्ग वादळानंतर कुणाच्या छपरावर गावातली पोरं आधी चढली आणि कुणाचं घर महिनाभर उघडं राहिलं, हे विचारलं तर कळतं. गडगा घालायचाच असेल तर तो छातीइतका घालावा, वाटेवर बेडं ठेवावं, ते आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडणारं असावं. विहीर चांगली असेल तर वैशाखात दोन कळश्या कोणी मागायला येईल, त्यांना नाही म्हणू नये. हे सगळं पटत नसेल, किंवा पटतंय की नाही याची खात्री नसेल, तर घेण्याची घाई न करता गावातच एखादं घर भाड्याने घ्यावं. एका आगोटीपासून पुढच्या आगोटीपर्यंत, आणि मधला आषाढ मुंबईला पळून न जाता.